पखवाज एकीकडे, टाळ दुसरीकडे : परभणीतील एका क्रॉसओव्हर कारागिराच्या कामाचे परीक्षण

गंगाखेड तालुक्यातील आमच्या गावात दर वर्षी चैत्रात अखंड हरिनाम सप्ताह होतो. त्या सात दिवसांत पहाटेच्या काकड्यापासून रात्रीच्या कीर्तनानंतरच्या जागरापर्यंत भजनी मंडळाची ध्वनियंत्रणा जवळजवळ सतत चालू असते. लागोपाठ तीन सप्ताहांत तिसऱ्या-चौथ्या दिवशी दोन स्पीकर बॉक्सपैकी निदान एकातला ट्विटर, म्हणजे उंच सुरांचा छोटा स्पीकर, जळाला. टाळांचा खणखणाट एकाएकी बोथट व्हायचा, कीर्तनकारांचे शब्द कांबळ्याआडून आल्यासारखे वाटायचे आणि मंडळातील कोणीतरी मोटारसायकल काढून नवा ट्विटर आणायला तालुक्याला जायचा. चौथ्या वर्षी मात्र मंडळाने ठरवले की, ट्विटर बदलण्याऐवजी तो का जळतो हे एकदा नीट तपासून घ्यावे. गावातील शाळेत विज्ञान शिकवत असल्यामुळे हे काम माझ्याकडे आले आणि मी दोन्ही बॉक्स घेऊन परभणीच्या एका जुन्या दुरुस्तीच्या दुकानात गेलो. त्या दुकानातील कामाचे हे परीक्षण आहे.

दुकान रेल्वे स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. पुढे जेमतेम दोन माणसे बसतील एवढी जागा, मागे टेबल, टेबलावर एक जुना ऑसिलोस्कोप (संकेताची लहर पडद्यावर दाखवणारे यंत्र), सिग्नल जनरेटर, कंडेन्सर आणि कॉइल मोजणारे छोटे मीटर, आणि भिंतीवर तांब्याच्या तारेची रिळे. मालक साठीच्या पुढचे आहेत आणि गिऱ्हाईक त्यांना काका म्हणते. नाव प्रसिद्ध करू नये असे त्यांनी स्वतःच सांगितल्यामुळे मी ते येथे देत नाही. त्यांच्याकडे माझी ही दुसरी खेप. काही वर्षांपूर्वी वडिलांचा रेडिओ घेऊन गेलो होतो. परभणी आकाशवाणीचा १३०५ किलोहर्ट्झ हा आकडा आमच्या घरात घराच्या पत्त्यासारखा पाठ होता, पण घरात एलईडी दिवे आल्यापासून सायंकाळी त्या जागी नुसती खरखर ऐकू येऊ लागली होती. रेडिओत काहीही बिघाड नाही हे काकांनी दहा मिनिटांत दाखवले, दुरुस्तीचे पैसे घेतले नाहीत आणि दोष दिव्यांच्या आतील स्वस्त सर्किटमध्ये आहे असे सांगितले. असे दिवे आत वीज अतिशय वेगाने चालू-बंद करतात आणि त्यातून उठणारा गोंगाट घरातील वायरिंगवाटे मध्यम लहरींच्या पट्ट्यात पसरतो. त्या पट्ट्यात स्थानके नऊ-नऊ किलोहर्ट्झच्या अंतरावर बसवलेली असतात. रेडिओ त्यांतून एक निवडतो, पण निवडलेल्या जागेवरच जो गोंगाट येऊन बसला आहे तो त्याला वेगळा काढता येत नाही. ही गोष्ट मला त्या दिवशी प्रथम नीट समजली, आणि म्हणूनच या वेळी मी दुसरीकडे कुठे गेलो नाही.

बॉक्स टेबलावर ठेवताच काकांनी पहिला प्रश्न विचारला तो असा : “गुरुजी, आधी हे सांगा, ट्विटरकडं काय जाऊ द्यायचंय अन् काय अडवायचंय?” मला वाटते, फिल्टर, म्हणजे ठरावीक सूर जाऊ देऊन बाकीचे अडवणारे सर्किट, या विषयातील निम्मे शिक्षण या एका प्रश्नात आहे. मायक्रोफोनमधून येणारा संकेत एकच असतो आणि त्याच एका तारेतून पखवाजाच्या कणीक लावलेल्या डाव्या तोंडाचा खर्ज, गवयाचा आवाज, हार्मोनियम आणि टाळ हे सगळे एकमेकांत मिसळून चाललेले असते. मोठ्या पडद्याच्या वूफरला खर्ज पेलतो, पण त्याचा जड पडदा टाळाच्या वेगाने हलू शकत नाही. ट्विटरचा पडदा हलका आणि त्याची तार केसासारखी बारीक असते, त्यामुळे तो टाळाचा नाद सहज काढतो, पण खालच्या सुरांची ताकद त्याच्यावर आली की तार तापून तुटते. म्हणून दोघांच्या वाटा वेगळ्या कराव्या लागतात, आणि त्या वेगळ्या करणाऱ्या छोट्या सर्किटला बाजारात क्रॉसओव्हर म्हणतात. कमी वारंवारता (खालचे सूर) जाऊ देणारा एक फिल्टर आणि जास्त वारंवारता (उंच सूर) जाऊ देणारा दुसरा फिल्टर, एवढीच त्याची मूळ रचना असते.

आमचे बॉक्स उघडल्यावर जे निघाले ते पाहून मला फार वाईट वाटले. तयार बॉक्स विकणाऱ्याने “टू वे क्रॉसओव्हर” अशी चिठ्ठी चिकटवलेली होती, पण आत ट्विटरच्या वाटेत फक्त एक १० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर होता आणि वूफरच्या वाटेत काहीच नव्हते. काकांनी कागदावर हिशेब करून दाखवला. ८ ओहमच्या ट्विटरबरोबर १० मायक्रोफॅरडचा एकटा कंडेन्सर असला की त्याची सीमा सुमारे २००० हर्ट्झवर येते. पण “सीमा” या शब्दाने आपली फसगत होते, कारण फिल्टरची सीमा शेताच्या बांधासारखी नसते, की अलीकडे आपले आणि पलीकडे दुसऱ्याचे. ती उतारासारखी असते. एका कंडेन्सरचा उतार फार सौम्य असतो, वारंवारता निम्मी झाली की संकेतही साधारण निम्माच होतो. त्यामुळे १००० हर्ट्झला, म्हणजे गवयाचा वरचा स्वर आणि हार्मोनियम जिथे भरपूर असतात तिथे, ट्विटरला अजून ४५ टक्के व्होल्टेज मिळत होते. ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते, त्यामुळे अडवली जायला हवी अशा आवाजाची सुमारे २० टक्के ताकद त्या नाजूक तारेवर सात दिवस पडत होती. ट्विटर जळणार नाही तर काय होईल?

कंडेन्सर आणि कॉइल ही निवड कशी करतात हे शाळेत आम्ही सूत्राने शिकवतो, परंतु काकांनी जे आकडे लिहून दिले ते मी आता वर्गाच्या फळ्यावर तसेच लिहितो. ४.७ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर १०० हर्ट्झच्या संकेताला सुमारे ३३९ ओहमचा अडथळा करतो आणि १०,००० हर्ट्झच्या संकेताला फक्त ३.४ ओहमचा. ०.६ मिलिहेन्रीच्या कॉइलचे वागणे बरोबर उलटे आहे. १०० हर्ट्झला तिचा अडथळा अर्धा ओहमसुद्धा नसतो आणि १०,००० हर्ट्झला तो जवळजवळ ३८ ओहम होतो. याचे कारण दोघांच्या स्वभावात आहे. कंडेन्सरच्या पट्ट्यांवर विद्युतभार साठायला वेळ लागतो, संकेत सावकाश बदलत असेल तर तो भरून जातो आणि पुढचा प्रवाह थांबतो, पण दिशा झपाट्याने बदलणाऱ्या संकेताला भरण्याआधीच उलट वाट मिळते. कॉइलभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते आणि ते प्रवाहातील प्रत्येक बदलाला विरोध करते, त्यामुळे जितका बदल वेगवान तितका विरोध मोठा. ट्विटरच्या वाटेत कंडेन्सर ओळीने जोडला आणि त्यापुढे कॉइल ट्विटरला समांतर जोडली, तर कंडेन्सर खर्जाला अडवतो आणि त्यातून जे थोडे निसटते ते कॉइल बाजूने परत नेते. वूफरच्या वाटेत हेच दोन भाग जागा बदलून बसवायचे, कॉइल ओळीने आणि कंडेन्सर समांतर. दोन भागांच्या या जोडीचा उतार एका भागापेक्षा दुप्पट तीव्र असतो. दर सप्तकाला ६ डेसिबलऐवजी १२ डेसिबल, म्हणजे सीमेपासून बरेच दूर गेल्यावर वारंवारता निम्मी झाली की संकेत चौथाई उरतो.

सीमा ३००० हर्ट्झवर घ्यावी असे ठरले, कारण आमच्या ट्विटरचा स्वतःचा अनुनाद, म्हणजे तो आपसूक जोराने थरथरतो ती वारंवारता, त्याच्या बराच खाली निघाला आणि वूफरही तिथपर्यंत बऱ्यापैकी चालत होता. पहिल्या आराखड्यात ४.७ मायक्रोफॅरड आणि ०.६ मिलिहेन्री हेच आकडे होते. हा बटरवर्थ पद्धतीचा हिशेब आहे. स्टीफन बटरवर्थ या ब्रिटिश अभियंत्याने १९३० मध्ये असा फिल्टर मांडला की, जो भाग जाऊ द्यायचा आहे त्यात वरखाली काही न होता संकेत शक्य तितका सपाट जावा. एकट्या फिल्टरचा विचार केला तर ही उत्तम निवड आहे. क्रॉसओव्हरमध्ये मात्र दोन फिल्टर एकाच वेळी बोलतात आणि ऐकणाऱ्याच्या कानात त्यांची बेरीज होते, आणि येथेच या दुकानाचे वेगळेपण मला दिसले.

काकांनी चार कॉइल गुंडाळून पहिला बॉक्स जोडला आणि मला ऐकायला बसवले. मी सोबत नेलेले आमच्याच मंडळाचे ध्वनिमुद्रण लावले. टाळ मोकळे झाले होते, पखवाज भरीव झाला होता, तरी गवयाचा आवाज वरच्या पट्टीत गेला की कानाला टोचत होता. मी थोडा संकोचत ते सांगितले, कारण नव्या कामाबद्दल पहिल्याच क्षणी तक्रार करणे मला बरे वाटत नव्हते. काकांनी ती तक्रार अगदी गंभीरपणे घेतली. त्यांनी सांगितले की, या जोडणीत सीमेजवळ ट्विटर आणि वूफरचे संकेत एकमेकांच्या बरोबर उलट येतात, म्हणून ट्विटरच्या तारा मुद्दाम उलट जोडाव्या लागतात. त्यांनी क्षणभर तारा सरळ जोडून दाखवल्या, तर ३००० हर्ट्झचा सूर जवळजवळ नाहीसाच झाला, जणू दोन माणसे एकच दोर विरुद्ध दिशांनी ओढत आहेत. परत उलट जोडल्यावर सूर आला, पण बटरवर्थच्या हिशेबात तिथे दोन्ही वाटांची बेरीज ३ डेसिबलने वर उठते. माणसाचा कान ३००० ते ४००० हर्ट्झच्या आसपास सर्वांत तीक्ष्ण असतो आणि नेमका तिथेच हा उंचवटा येत होता.

त्यावरचा उपाय त्यांना ठाऊक होता. सिगफ्रीड लिंकविट्झ आणि रस रायली या दोन अभियंत्यांच्या नावाने ओळखली जाणारी, १९७६ पासून प्रचारात आलेली पद्धत अशी की, सीमेवर प्रत्येक वाट ३ ऐवजी ६ डेसिबलने खाली ठेवायची, म्हणजे दोघांची बेरीज सपाट येते. त्यासाठी कंडेन्सर ३.३ मायक्रोफॅरडचा आणि कॉइल ०.८५ मिलिहेन्रीची लागते. काकांनी चारही कॉइल उलगडून पुन्हा गुंडाळल्या. वेटोळी दुप्पट केली तर कॉइलचे मूल्य चौपट होते, त्यामुळे ०.६ वरून ०.८५ वर जायला वेटोळी फक्त पाचव्या हिश्शाच्या आसपास वाढवावी लागली. या फेरफाराचे त्यांनी वेगळे पैसे घेतले नाहीत. दुसऱ्यांदा ऐकले तेव्हा टोचणी गेली होती. गवयाचा आवाज वूफरमधून ट्विटरकडे कधी गेला हे कळत नव्हते, आणि चांगल्या क्रॉसओव्हरकडून माझी अपेक्षा नेमकी हीच होती.

मोजमापाशिवाय ते काम हातावेगळे करत नाहीत, आणि या एका सवयीसाठी मी त्यांना कोणत्याही चकचकीत दुकानापेक्षा वरचे स्थान देईन. ट्विटरच्या जागी ८ ओहमचा रेझिस्टर लावून त्यांनी सिग्नल जनरेटरमधून १ व्होल्टचा संकेत सोडला आणि निरनिराळ्या वारंवारतांना किती उरतो ते मला माझ्या हाताने वहीत लिहायला लावले. ३००० हर्ट्झला ०.५ व्होल्ट, १५०० ला ०.२, १००० ला ०.१ आणि ७५० ला ०.०६. जुन्या एकट्या कंडेन्सरने १००० हर्ट्झला ०.४५ व्होल्ट जात होते, हे लक्षात घेतले तर ट्विटरवरची नको असलेली ताकद २० टक्क्यांवरून १ टक्क्यावर आली. हे कोष्टक आता मंडळाच्या जमाखर्चाच्या वहीत आहे.

सुट्या भागांची निवड ही त्यांची दुसरी जमेची बाजू. बाजारातील कंडेन्सरवर छापलेले मूल्य आणि त्याचे खरे मूल्य यांत दहा टक्क्यांचा फरक सहज असतो, आणि त्या फरकाने सीमेची वारंवारताही सरकते. काकांनी ३.३ लिहिलेले दहा कंडेन्सर मीटरवर मोजून त्यांतले चार जुळणारे निवडले. स्वस्त क्रॉसओव्हरमध्ये इलेक्ट्रोलायटिक जातीचे कंडेन्सर असतात, ते उष्णतेत हळूहळू सुकतात आणि त्यांचे मूल्य घसरत जाते. मे महिन्यात पत्र्याच्या मंडपाखाली बॉक्सच्या आत काय तापमान होत असेल याची कल्पना मराठवाड्यात राहणाऱ्याला सांगावी लागणार नाही. काकांनी त्याऐवजी प्लास्टिक फिल्मचे कंडेन्सर वापरले. ते आकाराने मोठे आणि दराने महाग असतात, पण वर्षानुवर्षे आपले मूल्य राखतात. कॉइलच्या आत त्यांनी लोखंडी गाभा घातला नाही, कारण जोराच्या खर्जाला तो गाभा चुंबकत्वाने भरून जातो आणि आवाज फाटतो. गाभा नसला की तार जास्त लागते आणि तारेचा स्वतःचा रोध वाढतो, आमच्या कॉइलमध्ये तो अर्धा ओहमच्या आसपास भरला. तेवढी ताकद वाया जाते हे त्यांनी आधीच सांगितले होते.

वूफरच्या बाबतीत एक बारकावा होता, ज्याचा मी कधी विचार केला नव्हता. सगळा हिशेब वूफर ८ ओहमचा आहे असे धरून केलेला असतो, पण वूफर हीसुद्धा शेवटी एक कॉइलच असल्यामुळे वारंवारता वाढते तसा तिचा अडथळा वाढत जातो आणि कागदावरचा उतार प्रत्यक्षात बिघडतो. त्यासाठी काकांनी वूफरला समांतर एक रेझिस्टर आणि कंडेन्सर यांची जोडी लावली. ऑटो झोबेल या अमेरिकी अभियंत्याच्या नावावरून या जोडीला झोबेल म्हणतात, आणि त्याचे काम मुळात टेलिफोनच्या तारांशी निगडित होते. फिल्टर हे शास्त्रच टेलिफोनच्या गरजेतून वाढलेले आहे. १९१५ च्या सुमारास अमेरिकेत जॉर्ज कॅम्पबेल आणि जर्मनीत कार्ल विली वाग्नर यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे कॉइल आणि कंडेन्सरच्या साखळ्या करून एकाच तारेतून अनेक संभाषणे वेगळी काढता येतील असा मार्ग दाखवला. आपल्याकडे तांब्याच्या तारेवर फोन आणि इंटरनेट दोन्ही येत असत तेव्हा भिंतीवर जो छोटा स्प्लिटर लावलेला असे, तो याच घराण्यातला. ३०० ते ३४०० हर्ट्झचे बोलणे तो फोनकडे पाठवी आणि २५ किलोहर्ट्झच्या वरचा इंटरनेटचा संकेत मॉडेमकडे जाई. काकांनी असा एक उघडलेला स्प्लिटर टेबलावर ठेवलेला आहे, आणि शाळेतली मुले आली की ते आधी तोच दाखवतात.

आता उणिवांविषयी. चार दिवसांत काम होईल असे सांगितले होते, प्रत्यक्षात अकरा दिवस लागले आणि मला गंगाखेडहून तीन खेपा कराव्या लागल्या. फिल्मचे कंडेन्सर शिल्लक नव्हते, हे खरे कारण असले तरी ते फोनवर आधी कळवता आले असते. पावतीवर फक्त “बॉक्स दुरुस्ती” एवढे लिहिलेले होते. वापरलेल्या भागांची मूल्ये मी मागून लिहून घेतली. सार्वजनिक पैशातून काम करणाऱ्या मंडळाला अशी पावती पुरत नाही.

याहून गंभीर चूक दुसऱ्या बॉक्समध्ये झाली. तो बॉक्स काकांच्या हाताखालील मुलाने जोडला होता. गावी आणून दोन्ही बॉक्स शेजारी ठेवून ऐकले तर दुसऱ्याचा आवाज मधल्या सुरांत गढूळ वाटत होता, जणू कोणीतरी तोंडावर हात धरून गात आहे. मी तो परत नेला. काकांनी झाकण काढले आणि मीटर लावण्याआधीच त्यांना कारण दिसले. दोन्ही कॉइल शेजारीशेजारी, एकाच दिशेला तोंड करून बसवलेल्या होत्या. एकीचे चुंबकीय क्षेत्र दुसरीतून जात होते, त्यामुळे वूफरच्या वाटेतला संकेत तारेने जोडलेला नसतानाही ट्विटरच्या वाटेत डोकावत होता. आपण चाळणी कितीही बारीक केली आणि शेजारून धान्य सांडत राहिले, तर जे व्हायचे तेच झाले होते. काकांनी एक कॉइल बोर्डाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन काटकोनात उभी केली, पुन्हा सगळी मोजणी केली आणि दोन्ही बॉक्सचे आकडे जुळल्यावरच तो परत दिला. झालेल्या चुकीबद्दल त्यांनी त्या मुलाला सर्वांसमोर बोल लावला नाही, उलट त्याला जवळ बसवून ऑसिलोस्कोपवर दोन्ही जागांमधला फरक दाखवला. माझी खेप वाया गेली याची त्यांना मनापासून खंत वाटली. तरीही जोडलेला माल देण्याआधी तपासला असता तर ही खेप वाचली असती, हे येथे नोंदवणे मला आवश्यक वाटते.

एक काम त्यांनी नाकारले, आणि त्या नकारामुळे माझा त्यांच्यावरचा विश्वास वाढला. आमच्या ॲम्प्लिफायरमधून, ज्याला गावात सगळे मशीनच म्हणतात, भजन थांबले की घूं असा आवाज येत असे. मी कुठेतरी वाचले होते की, नेमकी ५० हर्ट्झची वारंवारता कापणारा खाचेचा फिल्टर बनवता येतो, म्हणून तो बसवून द्या असे मी सुचवले. काका म्हणाले, “बसवतो म्हणलं तर बसंल गुरुजी, पण पखवाजाचा तळ जाईल अन् घूं तसंच राहील.” त्यांनी आधी तो आवाज मोजला, तर तो बहुतेक १०० हर्ट्झचा निघाला. वीज ५० हर्ट्झची असली तरी मशीनमधील डायोडचा पूल (एसी विजेची डीसी करणारा भाग) तिच्या दोन्ही अर्ध्या लहरी वापरतो, त्यामुळे तिथे उरणारी कंपने दुपटीने, म्हणजे १०० हर्ट्झने येतात. मशीनचे दोन मोठे फिल्टर कंडेन्सर फुगलेले होते, ते बदलले आणि मायक्रोफोनच्या केबलचे तुटलेले कवच नीट डाखले, एवढ्यात घूं जवळजवळ गेली. त्यात थोडी ५० हर्ट्झची जी उरली होती ती मंडपातील अर्थिंग ओलसर जागी नीट रोवल्यावर थांबली. एकाच वारंवारतेवर खोल खाच पाडणारा फिल्टर वाईट नसतो, हृदयाचे ठोके टिपणाऱ्या ईसीजी यंत्रात विजेची घूं काढायला तो वापरतात. पण आमच्या मशीनमध्ये दोष होता, आणि तो दोष काढून टाकणे शक्य असताना त्यावर फिल्टर बसवणे म्हणजे गळक्या पत्र्याखाली बादली ठेवण्यासारखे झाले असते.

एक सूचना त्यांनी दोनदा केली आणि दुसऱ्यांदा ती मला लिहून घ्यायला लावली. मशीनचा आवाज त्याच्या ताकदीपलीकडे वाढवला की संकेताची शिखरे कापली जातात आणि त्या कापण्यातून मूळ आवाजात नसलेल्या उंच वारंवारता जन्माला येतात. त्या ट्विटरच्या वाटेतून सरळ आत जातात, कारण क्रॉसओव्हरच्या दृष्टीने त्या जाऊ देण्याच्या वारंवारताच असतात. म्हणजे फिल्टर कितीही चांगला असला तरी किंचाळणाऱ्या मशीनपासून तो ट्विटरला वाचवू शकत नाही. आमच्या मशीनच्या बटणाशेजारी आता लाल रंगाची खूण आहे आणि तिच्यापुढे बटण न्यायचे नाही असे मंडळाच्या बैठकीत ठरले आहे. लहान मुलांच्या हाती मशीन जाऊ नये यासाठी एकाला त्याची जबाबदारीही दिली आहे.

दोन्ही बॉक्सचे क्रॉसओव्हर, झोबेलची जोडी, मशीनचे कंडेन्सर आणि मजुरी मिळून २,६०० रुपये झाले. बाजारात तयार क्रॉसओव्हर याहून स्वस्त मिळतात, आणि ज्याचा बॉक्स घरातल्या खोलीत मंद आवाजात वाजतो त्याला ते पुरेसे ठरतील. रोज तास-दोन तास चालणाऱ्या छोट्या भजनालाही मी एवढा खर्च सुचवणार नाही. परंतु सप्ताह, जत्रा, शाळेचे स्नेहसंमेलन अशा ठिकाणी यंत्रणा तासन्‌तास मोठ्या आवाजात चालते, तिथे दर वर्षी दोन ट्विटर बदलण्याचा खर्च आणि ऐन कीर्तनात होणारा रसभंग यांच्या तुलनेत ही रक्कम मला योग्य वाटते.

जाणाऱ्यांनी ट्विटर आणि वूफर सुटे न नेता पूर्ण बॉक्स आणि शक्य असेल तर मशीनही सोबत न्यावे, कारण काका सुट्या भागावरून अंदाज सांगत नाहीत. आपल्याच मंडळाचे एखादे ध्वनिमुद्रण मोबाइलमध्ये असू द्यावे, त्यात पखवाज, टाळ आणि गवई असे तिन्ही असावेत. सोमवारी दुकान बंद असते. दुपारी वीज गेली तर मोजणी थांबते, तेव्हा सकाळी लवकर पोहोचावे. आणि बॉक्स ताब्यात घेण्याआधी, विशेषतः तो हाताखालच्या मुलाने जोडलेला असेल तर, आपल्यासमोर मोजून द्यावा असे मोकळेपणाने सांगावे. काकांना त्याचा राग येत नाही.

यंदाच्या चैत्रातील सप्ताहात सातही दिवस दोन्ही ट्विटर चालले. काल्याच्या कीर्तनानंतर मी बॉक्सच्या जाळीला कान लावून पाहिला, तेव्हा मागे कोणीतरी टाळ वाजवत होते आणि त्याचा बारीक नाद शेवटपर्यंत विरत जाताना ऐकू येत होता.